खुनी कोण, हे ठरवणार कोण? ट्यूडरकालीन रहस्यकादंबऱ्यांविषयी

प्रश्न असा विचारला गेला आहे: रहस्यकथेला पोलीस लागतात, बोटांचे ठसे लागतात, शवविच्छेदनाचा अहवाल लागतो, यांपैकी काहीही नसलेल्या सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये इतके लेखक आपले खून का घडवून आणतात आणि वाचक तिथे पुन्हा पुन्हा का जातात? राजवाडे, मखमली झगे आणि आठव्या हेन्रीच्या सहा राण्या यांच्या पलीकडे त्यात काही आहे का, आणि असल्यास वाचायला सुरुवात कुठून करावी? रहस्यकादंबऱ्यांचे संपादन हा माझा अनेक वर्षांचा व्यवसाय आहे आणि या प्रकारातले उत्तम व टाकाऊ असे दोन्ही लेखन मी भरपूर वाचले आहे, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो.

देखाव्याचा वाटा मी नाकारत नाही. मुखपृष्ठावर जरीकाम केलेली चोळी आणि डोके कापलेले चित्र असले की पुस्तक विकले जाते, हे प्रत्येक प्रकाशकाला ठाऊक आहे. पण त्या आकर्षणावर एखादे पुस्तक खपते; दोन दशके टिकणाऱ्या मालिका त्याने उभ्या राहत नाहीत. माझ्या मते खरे कारण वेगळे आहे. नेहमीच्या रहस्यकथेत प्रश्न एकच असतो, तो म्हणजे खून कोणी केला. ट्यूडर काळातल्या चांगल्या रहस्यकादंबरीत त्याच्यामागे दुसरा आणि अधिक भयंकर प्रश्न उभा असतो: शोध लागल्यानंतर तो खरा मानायचा की नाही, हे कोण ठरवणार? या काळात सत्य शोधणारा माणूस अशा सत्तेच्या छायेत काम करतो, जिला सत्य काय आहे हे कायदा करून ठरवण्याची सवय लागलेली आहे.

ट्यूडर घराण्याचे राज्य १४८५ मध्ये बॉसवर्थच्या लढाईने सुरू झाले आणि १६०३ मध्ये पहिल्या एलिझाबेथच्या मृत्यूने संपले; पण बहुतेक लेखक १५३० नंतरच्याच वर्षांत वावरतात आणि ते योग्यच आहे. १५३४ मध्ये संसदेने राजाला इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख म्हणून मान्यता दिली आणि त्याच वर्षी संमत झालेल्या राजद्रोहाच्या कायद्याने राजाला दुष्टबुद्धीने पाखंडी किंवा जुलमी म्हणणे, मग ते केवळ तोंडाने का असेना, हा देहदंडाचा गुन्हा ठरला. राजाचे हे प्रमुखपद मान्य न करणारा माजी लॉर्ड चान्सलर, म्हणजे राज्याचा सर्वोच्च न्यायाधिकारी, थॉमस मोर याचा शिरच्छेद ६ जुलै १५३५ रोजी झाला. त्याच्याविरुद्धचा निर्णायक पुरावा म्हणजे तुरुंगातल्या एका संभाषणाबद्दल राजाचा सरकारी वकील रिचर्ड रिच याने दिलेली साक्ष होती. ही साक्ष धादांत खोटी आहे, असे मोरने भर न्यायालयात सांगितले, आणि तरीही ज्यूरीने त्याला दोषी ठरवले. रिच पुढे इंग्लंडचा लॉर्ड चान्सलर झाला. कादंबरीकाराने असा खलपुरुष कल्पनेतून निर्माण केला असता, तर संपादक म्हणून मी त्याला ‘जरा अतिरेक होतो आहे’ असेच सांगितले असते.

त्यानंतर वारे फिरतच राहिले. १५४७ मध्ये सहावा एडवर्ड गादीवर आला आणि देश उघडपणे प्रोटेस्टंट झाला. १५५३ मध्ये मेरी आली, कॅथलिक पंथ परत आला आणि तिच्या कारकिर्दीत सुमारे २८० प्रोटेस्टंटांना जिवंत जाळण्यात आले. १५५९ मध्ये एलिझाबेथने सगळे पुन्हा उलटवले. १५२० च्या सुमारास जन्मलेल्या लंडनच्या एखाद्या सामान्य दुकानदाराला चाळिशी गाठण्यापूर्वी चार वेळा आपण नव्या व्यवस्थेशी एकनिष्ठ आहोत असे दाखवावे लागले. आता या गोष्टीकडे कथारचनेच्या अंगाने पाहा. रहस्यकथेत प्रत्येक साक्षीदाराने काहीतरी लपवले पाहिजे, नाहीतर गोष्ट चाळिसाव्या पानावर संपते. आधुनिक पार्श्वभूमीवर लिहिणाऱ्याला या लपवाछपवीसाठी अनैतिक संबंध, मृत्युपत्रे आणि जुनी भांडणे अशी तीच ती कारणे वापरावी लागतात. ट्यूडर लेखकाला ती शोधावी लागत नाहीत. स्वयंपाकघरातल्या फळीमागे जपमाळ लपवलेली म्हातारी, इंग्रजी बायबलची बेकायदा प्रत बाळगणारा शिकाऊ पोरगा आणि गेल्या राजवटीत शेजाऱ्याविरुद्ध साक्ष दिलेला चर्चचा कारभारी हे तिघेही खुनाच्या बाबतीत निर्दोष असूनही जिवाच्या भीतीने खोटे बोलतील. वाचकाची दिशाभूल होते, ती लेखकाच्या चलाखीने नव्हे तर त्या समाजाच्या स्वभावाने, आणि म्हणून शेवटी फसवल्याचा राग येत नाही. या प्रकाराचे तांत्रिक बलस्थान मला विचाराल तर ते हेच आहे.

तपासाची यंत्रणा नव्हती, हा समज मात्र अर्धाच खरा आहे. पोलीस नव्हते, पण कॉरोनर होता, आणि हे पद बाराव्या शतकाच्या अखेरीपासून, म्हणजे ११९४ पासून अस्तित्वात होते. मुंबईत कॉरोनरचे न्यायालय १९९९ पर्यंत चालू होते, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या वाचकांना हा शब्द नवा नसावा. अचानक किंवा संशयास्पद मृत्यू झाला की कॉरोनरने स्थानिक लोकांची ज्यूरी जमवायची, सर्वांनी प्रेत प्रत्यक्ष पाहायचे, जखमांची लांबी-खोली मोजायची, आणि मृत्यू खून, आत्महत्या की अपघात हे ठरवायचे, अशी पद्धत होती. १४८७ च्या कायद्याने खून झालेल्या प्रत्येक माणसाच्या चौकशीमागे कॉरोनरला १३ शिलिंग ४ पेन्स मिळू लागले, आणि तेही खुन्याच्या मालमत्तेतून. आत्महत्या ठरली तर मृताची जंगम मालमत्ता राजाकडे जमा होई. अपघात ठरला तर ज्या वस्तूमुळे मृत्यू झाला ती वस्तू, मग ती गाडी असो की घोडा, सरकारजमा होई. म्हणजे प्रत्येक निर्णयाला किंमत होती आणि प्रत्येक निर्णयात कोणाचा तरी पैसा अडकलेला होता. हे अहवाल हजारोंच्या संख्येने शिल्लक आहेत आणि स्टीव्हन गन हे ऑक्सफर्डचे इतिहासकार त्यांतल्या अपघाती मृत्यूंचा अभ्यास करीत आले आहेत. १५६९ मध्ये अप्टन वॉरन या गावी फुले तोडताना पाण्यात पडून बुडालेल्या जेन शॅक्सपियर या अडीच वर्षांच्या मुलीची नोंद त्यातच सापडली. शेक्सपियरच्या स्ट्रॅटफर्डपासून ते गाव फार लांब नाही, तेव्हा ‘हॅम्लेट’मध्ये फुलांसह पाण्यात बुडणाऱ्या ऑफेलियाची आठवण कोणालाही होईल. संबंध जोडायचा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे.

या यंत्रणेची बुद्धी कशी चालत असे, हे पाहायचे असेल तर रिचर्ड हन याचे प्रकरण वाचावे. हन हा लंडनचा सधन कापडव्यापारी. १५११ मध्ये त्याचे काही आठवड्यांचे बाळ वारले, आणि दफनाच्या शुल्कापोटी धर्मगुरूने बाळाचे बाप्तिस्म्याचे वस्त्र मागितले. हनने ते दिले नाही. त्यातून दावे-प्रतिदावे सुरू झाले, हनने धर्मसंस्थेच्या न्यायालयालाच राजाच्या न्यायालयात आव्हान दिले, आणि त्यानंतर त्याच्यावर पाखंडाचा आरोप ठेवून त्याला सेंट पॉल कॅथीड्रलच्या आवारातल्या बुरुजात कोंडण्यात आले. ४ डिसेंबर १५१४ च्या सकाळी तो रेशमी पट्ट्याने छताच्या आकड्याला टांगलेला आढळला. बिशपच्या माणसांनी सांगितले की त्याने गळफास घेतला.

कॉरोनरच्या ज्यूरीने ते मान्य केले नाही, आणि त्यांची कारणे आजही वाचावीत अशी आहेत. मृताचे डोळे मिटलेले होते, केस विंचरलेले होते आणि डोक्यावरची टोपी सरळ होती. ज्या स्टुलावर चढून त्याने फास घेतला असे सांगितले जात होते, ते इतक्या डळमळीत जागी ठेवलेले होते की त्यावर माणूस उभा राहूच शकत नव्हता. कोठडीतली मेणबत्ती प्रेतापासून दूर, नीट विझवलेली होती. मग अंधारात त्याने हे सगळे केले कसे? रक्त सापडले ते प्रेताखाली नव्हे, तर कोठडीच्या दुसऱ्या भागात. मान टांगण्यापूर्वीच मोडलेली होती. ज्यूरीने हा खून आहे असे ठरवले आणि बिशपचा चान्सलर विल्यम हॉर्सी याच्यासह तिघांची नावे घेतली. ठशांचे शास्त्र जन्माला यायला अजून साडेतीनशेहून अधिक वर्षे होती, आणि तरीही बाजारपेठेतल्या साध्या माणसांनी घटनास्थळाचा असा पंचनामा केला होता. दरम्यान चर्चने मेलेल्या हनवरच पाखंडाचा खटला चालवला, त्याला दोषी ठरवले आणि २० डिसेंबरला त्याचे प्रेत जाळले. हॉर्सीवरचा खटला पुढे राजाच्याच सांगण्यावरून सोडून देण्यात आला. शोध लागला, तर्क बिनतोड होता, आणि निकाल वरून आला. ट्यूडर रहस्यकादंबरीचा सांगाडा या एका प्रकरणात जवळजवळ संपूर्ण सापडतो.

कागदपत्रे आणि त्यांतली भोके यांचे प्रमाणही या काळात लेखकाला सोयीचे आहे. त्याच्या आधीच्या शतकांत सामान्य माणसाविषयी फारच थोडे हाती लागते. नंतरच्या काळात इतके लागते की कल्पनेला जागा उरत नाही. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मुख्य मंत्री थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत, बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही ठेवण्याचा हुकूम काढला. १५५४ आणि १५५५ च्या कायद्यांनी न्यायदंडाधिकाऱ्यांना संशयितांचे आणि साक्षीदारांचे जबाब लिहून घेणे बंधनकारक केले. इतका कागद असूनही नेमक्या ठिकाणी तो अपुरा पडतो. ८ सप्टेंबर १५६० रोजी एलिझाबेथचा लाडका सरदार रॉबर्ट डडली याची पत्नी एमी कम्नर येथील घरात जिन्याच्या पायथ्याशी मृतावस्थेत सापडली. त्या दिवशी तिने आग्रह करून नोकरांना ॲबिंग्डनच्या जत्रेला पाठवले होते. ज्यूरीने अपघात असा निर्णय दिला. तो मूळ अहवाल २००८ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सापडला, आणि त्यात मान मोडल्याबरोबरच डोक्यावरच्या दोन जखमांचा उल्लेख आहे, त्यांतली एक दोन इंच खोल. म्हणजे नवा पुरावा मिळाला आणि संशय कमी होण्याऐवजी वाढला. तिच्या मृत्यूने डडलीचा राणीशी विवाह होण्याचा मार्ग मोकळा होण्याऐवजी कायमचा बंद झाला, हा त्यातला आणखी एक पेच. नाटककार क्रिस्टोफर मार्लो याचा ३० मे १५९३ रोजी डेप्टफर्ड येथे झालेला मृत्यूही असाच आहे: कॉरोनरचा अहवाल १९२५ मध्ये प्रकाशात आला, त्यात बिलावरून झालेल्या भांडणाची सरळ हकीकत आहे, पण खोलीत हजर असलेल्या तिघांपैकी रॉबर्ट पोली हा सरकारी हेर होता.

पैशाकडे दुर्लक्ष करून मात्र हा काळ समजत नाही. धर्माच्या नावाने जे घडले त्यात जमिनीची उलथापालथ प्रचंड होती. १५३६ ते १५४० या चार-पाच वर्षांत इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे आठशे मठ बंद झाले, त्यांची घंटांपासून छपरावरच्या शिशापर्यंत सगळी मालमत्ता मोजली गेली, आणि या व्यवहारासाठी १५३६ मध्ये स्वतंत्र न्यायालय स्थापन झाले, ज्याचा पहिला प्रमुख पुन्हा तोच रिचर्ड रिच होता. या लुटीत श्रीमंत झालेल्यांपैकी एक केंटमधला थॉमस आर्डेन. १५५१ च्या फेब्रुवारीत त्याच्या बायकोने आणि तिच्या प्रियकराने त्याला घरातच, सोंगट्यांचा पट मांडलेला असताना मारेकऱ्यांकरवी ठार केले आणि प्रेत बाहेर शेतात नेऊन टाकले. बर्फात उमटलेली पावले घराकडे जात होती आणि मृताच्या सपातांत घरातल्या जमिनीवर पसरण्याचे लव्हाळे अडकलेले होते. त्यावरून गुन्हा उघडकीस आला.

सी. जे. सॅन्सम या लेखकाने नेमके हेच क्षेत्र निवडले. त्यांच्या २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डिसोल्यूशन’ या पहिल्या कादंबरीत, १५३७ च्या हिवाळ्यात, ससेक्सच्या किनाऱ्यावरच्या एका काल्पनिक मठात क्रॉमवेलने पाठवलेल्या अधिकाऱ्याचा खून होतो आणि तपासासाठी मॅथ्यू शार्डलेक हा पाठीला कुबड असलेला वकील जातो. सॅन्सम इतिहासात डॉक्टरेट मिळवलेले आणि नंतर वकिली केलेले गृहस्थ होते, आणि दोन्हींचा उपयोग पानोपानी दिसतो. नायक वकील असणे ही साधी निवड नाही. त्या काळात वकिलाला मठात, तुरुंगात, सरदाराच्या वाड्यात आणि गरिबाच्या झोपडीत सारखाच प्रवेश असे. दस्तऐवज वाचता येत. आणि पुराव्याला काही नियम असतात अशी त्याची समजूत असे. त्या समजुतीला हादरे बसत जाणे हीच या मालिकेची खरी कथा आहे.

वैद्यकीय अज्ञानाचा उपयोग करून घेण्याची संधीही मोठी आहे, पण त्यात फार रमण्यासारखे नाही. १४८५ पासून १५५१ पर्यंत पाच वेळा आलेला घामाचा ज्वर निरोगी माणसाला एका दिवसात संपवीत असे, त्यामुळे विषबाधा आणि रोग यांत फरक करणे कठीण होते. विषाची भीती किती होती हे एका गोष्टीवरून कळते: बिशप फिशरच्या घरी विषारी लापशीने दोघांचा जीव गेल्यावर १५३१ मध्ये खास कायदा करण्यात आला आणि रिचर्ड रूस या आचाऱ्याला स्मिथफील्ड येथे उकळत्या पाण्यात मारण्यात आले.

आता दोषांविषयी, कारण ते सांगितल्याशिवाय शिफारस करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पहिला आणि सर्वांत मोठा दोष म्हणजे विसाव्या शतकात वाढलेला नायक. तो छळाला विरोध करतो, स्त्रियांना समान मानतो, सर्व धर्मांविषयी उदार असतो आणि रोज हात धुतो. त्याच्या आजूबाजूचे सगळे मात्र सोळाव्या शतकातले असतात. अशा नायकाला काही गमवावे लागत नाही, म्हणून त्याच्या नैतिकतेला वजन येत नाही. दुसरा दोष प्रसिद्ध व्यक्तींच्या गर्दीचा: तीनशे पानांत राजा, तीन राण्या, चित्रकार होल्बाइन आणि तरुण शेक्सपियर भेटू लागले की समजावे, लेखकाला आपल्या गोष्टीचा भरवसा नाही. तिसरा दोष तारखांचा. इंग्लंडमध्ये सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, आणि १५८२ नंतर कॅथलिक युरोपचे कॅलेंडर दहा दिवस पुढे गेले. पॅरिसहून आलेल्या पत्राची तारीख लंडनच्या तारखेशी जुळत नाही, आणि ज्या कथानकाचा डोलारा ‘त्या दिवशी तो तिथे नव्हताच’ या युक्तिवादावर उभा आहे, त्यात ही चूक झाली तर सगळेच कोसळते. हुशार लेखक याच फरकाचा पेच म्हणून उपयोग करतो.

एलिझाबेथच्या काळातल्या कादंबऱ्या स्वभावाने निराळ्या असतात, कारण तिथे वकिलाची जागा हेर घेतो. एलिझाबेथच्या हेरखात्याचा प्रमुख फ्रान्सिस वॉल्सिंगहॅम याने १५८६ मध्ये चार्टली येथे बिअरच्या पिंपातून जाणारी, कैदेतल्या स्कॉटलंडच्या माजी राणी मेरी स्टुअर्टची सांकेतिक पत्रे उलगडून एलिझाबेथला मारण्याचा बॅबिंग्टनचा कट उघडकीस आणला. १५८५ च्या कायद्याने परदेशात दीक्षा घेतलेल्या इंग्रज कॅथलिक धर्मगुरूचे इंग्लंडमध्ये असणे हाच राजद्रोह ठरला. या पिढीशी मराठी वाचकाचे एक खरे नाते आहे, जे सहसा लक्षात येत नाही. विल्टशरमध्ये जन्मलेला थॉमस स्टीफन्स हा त्याच पिढीतला इंग्रज कॅथलिक. देश सोडून तो रोमला जेझुइट या कॅथलिक धर्मसंघात दाखल झाला आणि ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यात पोहोचला. त्याच संघातला एडमंड कॅम्पियन १५८० मध्ये गुप्तपणे इंग्लंडला परतला आणि १ डिसेंबर १५८१ रोजी टायबर्न येथे फासावर गेला. स्टीफन्स इकडे राहिला आणि १६१६ मध्ये रायतूर येथे त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. शाळेत आपण त्याची मराठीची स्तुती वाचतो. तो कोणत्या भयातून निसटलेल्या पिढीचा होता, हे मात्र या कादंबऱ्या वाचताना नीट उमगते.

हेरांच्या या जगासाठी एस. जे. पॅरिस या नावाने लिहिल्या गेलेल्या, जिओर्दानो ब्रूनो या इटालियन तत्त्वज्ञाला शोधकर्ता करणाऱ्या कादंबऱ्या वाचाव्यात. ब्रूनो १५८३ ते १५८५ या काळात खरोखरच इंग्लंडमध्ये होता आणि फ्रेंच राजदूताच्या घरी राहत होता. तो वॉल्सिंगहॅमसाठी हेरगिरी करीत होता, असा एका इतिहासकाराचा दावा आहे, जो सर्वांना मान्य नाही. कथा वेगवान आहेत. विचारांची खोली सॅन्समइतकी नाही, पण शंकेखोर परकीयाची नजर त्यांना चांगली साधली आहे. जोसेफिन टे यांची १९५१ मधली ‘द डॉटर ऑफ टाइम’ ही काटेकोर अर्थाने या प्रकारातली नाही, कारण तिच्यात विसाव्या शतकातला पोलीस अधिकारी रुग्णालयातल्या खाटेवर पडून, बॉसवर्थला ट्यूडरांकडून हरलेल्या तिसऱ्या रिचर्डवरचा पुतण्यांच्या खुनाचा आरोप तपासतो. तिचा निष्कर्ष मला पटत नाही. तरीही जिंकलेल्या घराण्याने इतिहास कसा लिहून घेतला, हे तिच्याइतके रंजकपणे दुसरीकडे वाचायला मिळणार नाही.

सुरुवात मात्र सॅन्समपासूनच करावी आणि मालिकेचे सातही भाग क्रमाने वाचावेत. यॉर्कच्या शाही दौऱ्यावर आधारलेला तिसरा भाग अधिक रंगतदार आहे म्हणून अनेक जण तिथून सुरुवात करण्याचा सल्ला देतात, पण तो मी देणार नाही. पहिल्या भागातला शार्डलेक क्रॉमवेलच्या सुधारणांवर मनापासून विश्वास ठेवणारा माणूस आहे. तिसऱ्या भागात १५४१ साल उजाडेपर्यंत क्रॉमवेलचे डोके उडालेले आहे आणि तो विश्वास विरला आहे. आधीचा माणूस पाहिलेलाच नसेल, तर यॉर्कमध्ये राजासमोर उभा राहताना त्याला नेमके काय सोसावे लागते, ते वाचकाला अर्धेच कळते.